आपल्याच मंडळीशी भांडणारे ख्रिस्ती

1884-85च्या सुमारास इंग्लंडमध्ये दोन बायकांचा पत्रांतून वाद चालला होता. एक होत्या वाँटेजच्या अँग्लिकन मठातल्या सिस्टर जेराल्डिन. दुसऱ्या, त्यांच्याच देखरेखीखाली ख्रिस्ती धर्माची ओळख करून घेतलेल्या, पंचविशी ओलांडलेल्या मराठी विधवा, पंडिता रमाबाई. वादाचे एक कारण होते क्रूसावरची लॅटिन अक्षरे. आपल्या देशातल्या बायकांना लॅटिन कळत नाही, अक्षरे हवीतच तर संस्कृत असू द्यात, असे रमाबाईंचे म्हणणे. मांसाहार का करत नाही यावरून वाद होताच. त्रैक्याचा सिद्धान्त बायबलात नेमका कुठे सांगितला आहे, यावरूनही वाद होता. पुढे चेल्टनहॅमला त्या शिकवायला लागल्या तेव्हा त्यांनी मुलग्यांना शिकवू नये, असा सल्ला मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी दिला. हिंदुस्थानात परतल्यावर लोक काय म्हणतील, ही बिशपांची काळजी. कलकत्त्याच्या शास्त्री-पंडितांनी भरसभेत जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या, तिला ही काळजी ऐकवली जात होती! रमाबाईंनी काय उत्तर दिले असेल याचा अंदाज वाचकाला येईलच. स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आपण बाप्तिस्म्याच्या वेळी कुणाच्या स्वाधीन केलेली नाही, हा त्यांच्या साऱ्या पत्रांचा सूर आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977मध्ये हा इंग्रजी पत्रव्यवहार पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. खऱ्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दल बोलणाऱ्याने प्रवचनांच्या आधी तो वाचावा.

ख्रिस्ती समाजात श्रद्धा मोजण्याची काही ठरलेली मापे आहेत. रविवारची उपासना चुकवत नाही, दशांश वेळेवर देतो, पवित्र शास्त्रातली वचने मुखोद्गत आहेत, प्रार्थना करायला उठला की अर्धा तास थांबत नाही. यातले काहीच टाकाऊ नाही. पण आपल्याच माणसांत बसून हे सारे करायला फारशी किंमत मोजावी लागत नाही, उलट मान मिळतो. हिंदू शेजाऱ्याने नावे ठेवली, सरकारी कचेरीत त्रास झाला, तर तो सोसणाऱ्याचे कौतुकही मंडळीत होते आणि ते व्हायलाच हवे. अवघड असते ते निराळेच. ज्या येशूवर विश्वास ठेवला, त्याचेच नाव घेऊन आपल्या चर्चला, आपल्या पाळकाला, आपल्या पैसे देणाऱ्या मिशनला ‘हे चुकते आहे’ असे सांगणे, आणि सांगूनही मंडळी न सोडणे. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासातली जी माणसे आज सर्वधर्मीय आदराने आठवतात, त्यातली बरीच या परीक्षेला बसलेली होती. हा योगायोग नसावा.

शुभवर्तमाने उघडली तरी हेच दिसते. येशूचे सगळ्यांत कडक शब्द रोमन राज्यकर्त्यांसाठी नाहीत. ते त्याच्याच धर्मातल्या शास्त्री-परूश्यांसाठी आहेत. सराफांची टेबले त्याने उलटली ती स्वतःच्या लोकांच्या मंदिरात. रस्त्यात जखमी पडलेल्याला टाळून पुढे जाणारे दोघे याजकवर्गातले, आणि थांबणारा शोमरोनी परका. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राने तर कृतीशिवायच्या विश्वासाला सरळ मृत ठरवले. मार्टिन ल्यूथरला हे पत्र मुळीच रुचले नाही. 1522च्या प्रस्तावनेत त्याने त्याची बोळवण गवताकाडीचे पत्र म्हणून केली. विश्वासाने तारण की कर्माने, या वादात युरोपात चर्च दुभंगले. लूथरन आणि कॅथलिक यांनी या मुद्द्यावर एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या त्या 31 ऑक्टोबर 1999 रोजी, जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात. पावणेपाचशे वर्षे गेली. तोवर केडगाव, नगर आणि वसईतली माणसे हा प्रश्न आपापल्या परीने जगून मोकळी झाली होती.

रमाबाईंची हकीकत शाळेच्या पुस्तकात येते ती ‘विधवांसाठी शारदा सदन काढले’ इतकीच. त्यांच्या श्रद्धेचा प्रवास त्याहून फार खडतर आहे. 1858चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवले म्हणून वैदिकांचा रोष ओढवून घेतला. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात 1874मध्ये काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि मोठी बहीण गेली. भावाबरोबर पायी देश पालथा घातला. भाऊ गेला, मग आंतरजातीय विवाह केलेला बंगाली नवरा दोनच वर्षांत गेला. पदरात मनोरमा. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला आणि पुण्या-मुंबईत गहजब उडाला. त्या गदारोळात त्यांच्या बाजूने लेखणी उचलणारे जोतीराव फुले होते. 1885च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली.

बाप्तिस्म्याने सारे मार्गी लागले, असे रमाबाईंनी कधी म्हटले नाही. 1907च्या आत्मनिवेदनात त्यांनी जे मान्य केले ते आजही कित्येक पाळकांना पचणार नाही. आठ वर्षे आपण ख्रिस्ती धर्मात होतो, पण ख्रिस्त आपल्याला गवसला नव्हता, अशा आशयाची ती कबुली आहे. म्हणजे ज्या काळात त्या अमेरिकाभर व्याख्याने देत हिंडल्या, ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहून गाजल्या, 1889मध्ये मुंबईला शारदा सदन उघडून बसल्या, त्या सगळ्या काळात आत कुठेतरी पोकळी होती आणि ती त्यांना जाणवत होती. मदर तेरेसांची खासगी पत्रे 2007मध्ये छापून आली तेव्हा जगाला असाच धक्का बसला होता. देव जवळ असल्याची जाणीवच कित्येक दशके त्यांना होत नव्हती, आणि तरी कोलकात्याच्या रस्त्यावरचे काम एक दिवस थांबले नाही. श्रद्धावंताच्या मनात शंका नसते, हा समज बहुतेक ज्यांनी श्रद्धेपायी काही पणाला लावलेले नसते त्यांचा असतो.

रमाबाई चुकल्या नाहीत असे नव्हे. शारदा सदनात धर्मप्रचार होणार नाही, या अटीवर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार झाले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलणारही नाही, ही त्यांची भूमिका. 1893मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. बाहेरून पाहता सल्लागारांची तक्रार अगदीच निराधार म्हणता येत नाही. ज्या बाईवर आपले अन्नवस्त्र अवलंबून आहे तिची प्रार्थना उघड्या दाराआड चालली असेल, तर बारा-चौदा वर्षांच्या मुलीसाठी ते नुसते उघडे दार राहत नाही. पण याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली, हिंदूच राहिली, हेही त्याच खात्यावर मांडायला हवे.

मग 1896-97चा दुष्काळ आला. स्वतः भुकेने आईबाप गमावलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुली-बायका घेऊन आली. पुण्यात प्लेगची धास्ती आणि बंदोबस्त, म्हणून या सगळ्यांना पुण्याहून दौंडच्या वाटेवर, केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर हलवले. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. 1900च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आज ‘शेल्टर होम’ म्हटले की एक हॉल, चार पलंग आणि कुलूपबंद फाटक डोळ्यांपुढे येते. केडगावला विहिरी खणल्या जात होत्या, माग चालत होते, तेलाचे घाणे फिरत होते, शेती होती, दुभती जनावरे होती, शिवणकाम होते, छापखाना होता. मनोरमा ब्रेल लिपी शिकून आली आणि आंधळ्या मुलींना शिकवू लागली. ज्यांना कुणी विहिरीवर पाणी भरू देत नव्हते अशा पोरी खिळे जुळवत होत्या, शाई लावत होत्या, फर्मे छापत होत्या.

दुष्काळात पोटासाठी बाटवले, हा आरोप तेव्हाही झाला, आजही होतो. तो झटकून टाकू नये. उपाशी माणसाची धर्माबद्दलची संमती ही पूर्ण संमती नसते, हे कबूल करण्यात ख्रिस्ती माणसाला कमीपणा वाटायचे कारण नाही. मात्र त्यापुढचा प्रश्नही विचारला पाहिजे. पोट भरल्यावर त्या बायकांचे काय झाले? हाताला धंदा आला का, अक्षर आले का, मालकाच्या आणि नवऱ्याच्या लाथेखालून त्या सुटल्या का? केडगावच्या बाबतीत याचे उत्तर होय असे आहे. ज्या मिशनांच्या बाबतीत ते तसे नाही, त्यांच्यावर तो आरोप खुशाल राहू द्यावा.

1905मध्ये मुक्ती सदनात एक वेगळाच प्रकार घडला. प्रार्थनेच्या वेळी मुली रडू लागल्या, ओरडू लागल्या, अनोळखी बोली बोलू लागल्या. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात त्या घटनेची नोंद आहे. सुशिक्षित ख्रिस्ती मंडळींनी नाके मुरडली. रमाबाईंनी तो भावावेग बंद पाडला नाही. घाणे आणि मागही बंद पडले नाहीत. मोठ्याने रडत केलेली प्रार्थना खोटी आणि शांत बसून केलेली खरी, असा सोपा निवाडा त्यांनी दिला नाही, तसा आपणही देऊ नये. त्या मुली प्रार्थनेतून उठल्या की कामाला लागत होत्या. अखेरची वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांतून अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. 1921मध्ये मनोरमा गेली. भाषांतर संपवून 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या.

नारायण वामन टिळकांची तऱ्हा निराळी. हा माणूस मुळात कवी, त्यामुळे व्यवहार आणि त्यांचे कधी जमले नाही. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियनाने हातात नवा करार ठेवला, वाचत जा म्हणाला. डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना पकडले ते सोडलेच नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा. बायकोला पत्ता नाही. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त पुढच्या चार-पाच वर्षांच्या ताटातुटीचे जे वर्णन केले आहे, त्यात टिळकांच्या श्रद्धेचे गोडवे नाहीत; नवऱ्याच्या श्रद्धेची किंमत बायकोने कशी चुकवली, याचा हिशेब आहे, तोही हसतखेळत मांडलेला. टिळकांच्या भक्तीबद्दल बोलणारे हे पान हटकून गाळतात. गाळू नये.

खरे तर या घरात श्रद्धेची जास्त कठीण चढण लक्ष्मीबाईंनी चढली. शाळेचे तोंड न पाहिलेली, सोवळ्याओवळ्यात मुरलेली ही बाई नवऱ्याकडे नगरला परत आली तेव्हा स्वतंत्र चूल मांडून राहिली. धर्म बदलायचा नव्हता, संसार मोडायचा नव्हता. पुढे एक दिवस जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, उत्तर मिळाले, आणि त्या क्षणापासून कुणाच्याही हातचे खायचे ठरवले. बाप्तिस्मा त्याच्याही नंतरचा, 1900मधला. सोवळे आधी सुटले आणि धर्म मागाहून आला! आपल्याकडे बहुतांशी उलटे घडत आले आहे: धर्म बदलला, सोवळे तसेच. त्यावर पुढे येऊच.

टिळक अमेरिकन मराठी मिशनचे पगारी उपदेशक, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक. बालकवी ठोंबऱ्यांसारखा पोर त्यांच्या घरी येऊन राही, घरात पैसा टिकत नसे, आला तो कुणाला तरी देऊन टाकलेला असे. ख्रिस्ती भजन-कीर्तनाची परंपरा त्यांनी रुजवली, आणि आज मराठी चर्चमध्ये टाळ-मृदंग वाजतो त्याला ते कारण आहेत. पण परदेशी मिशनरी मालक आणि इथला ख्रिस्ती त्याचा नोकर, ही मांडणी त्यांना डाचत राहिली. 1917मध्ये, पन्नाशी उलटलेली असताना, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र बसू शकतील अशी ती कल्पना. चर्चच्या दृष्टीने हे भलतेच धाडस. दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी ते वारले आणि दरबार फार फोफावला नाही. फसला म्हणा हवे तर. पण मिशनच्या पगारावर जगणाऱ्याने म्हातारपणी मिशनलाच मालकी सोडायला सांगावे आणि त्यासाठी आधी स्वतःचा पगार सोडावा, ही गोष्ट त्या काळात किती जणांनी केली?

इथवर वाचून एखाद्या जाणत्या वाचकाच्या कपाळावर आठी पडली असेल तर ती योग्यच आहे. रमाबाई ब्राह्मण, टिळक ब्राह्मण, लक्ष्मीबाई ब्राह्मण. मराठी ख्रिस्ती समाजातली बहुसंख्या मात्र नगर, जालना, सोलापूर पट्ट्यातल्या महार-मांग घरांतून आलेली. 1876-78च्या दुष्काळाच्या आगेमागे गावेच्या गावे ख्रिस्ती झाली, त्यातल्या एकाही बाईचे ‘स्मृतिचित्रे’ आपल्या कपाटात नाही. अरविंद निर्मळ या मराठी ख्रिस्ती अभ्यासकाने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळुरूत हाच मुद्दा चर्चच्या पुढ्यात टाकला. भारतीय ख्रिस्ती ईश्वरविद्या म्हणून जे काही शिकवले जाते ते ब्राह्मणी तत्त्वज्ञानाच्या चौकटीत बसवलेले आहे, बाकांवर बसणाऱ्या दलित मंडळीचा अनुभव त्यात नाहीच, असे त्यांचे म्हणणे. त्यातून दलित ईश्वरविद्येचा प्रवाह सुरू झाला. घरातल्याच माणसाने घराचा पाया उकरून दाखवला.

आणि पायात जात सापडते, हे आता चर्चही नाकारत नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर इथल्या कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत कित्येक वर्षे वादाचा विषय झाली. गोव्यात बामण, चाड्डी, सुदीर हे भेद पाचशे वर्षांच्या ख्रिस्ती धर्माला पुरून उरले. लग्नाच्या जाहिरातीत ‘आर. सी. (रोमन कॅथलिक) ब्राह्मण’ छापायला कुणाला संकोच वाटत नसे. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी, आदिवासी एका वेदीपुढे गुडघे टेकतात, पण सोयरीक जुळवताना आधी जात आठवते. डिसेंबर 2016मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमधला जातिभेद लेखी मान्य केला. पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, नेमायला 2022 उजाडावे लागले. ख्रिस्ती संघटना 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाविरुद्ध भांडतात, दलित ख्रिस्त्यांना अनुसूचित जातीच्या सवलती द्या म्हणतात. मागणी न्याय्य आहे. शीख दलितांना 1956मध्ये, बौद्धांना 1990मध्ये जे मिळाले ते यांना का नको? पण सरकारदारी हा अर्ज घेऊन जाणाऱ्या बिशपाच्या स्वतःच्या अंगणात ती भिंत उभी असेल, तर अर्जाचे वजन कमी होते.

आपल्या अंगणात बोलण्याचे अलीकडचे उदाहरण वसईचेच आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो धर्मगुरू, 1983 ते 2007 ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. चर्चचे मासिक म्हणजे संतांची चरित्रे आणि नोव्हेनाच्या तारखा, हा शिरस्ता त्यांनी मोडला. 1980च्या दशकाच्या अखेरीस वसई-विरारच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची नजर पडली. विहिरींचे पाणी टँकरने उपसून इमारतींना विकले जाऊ लागले, गुंडगिरीने जमिनी बळकावल्या जाऊ लागल्या. केळीच्या बागा, पानमळे, फुलांच्या वाड्या, सारेच जाणार होते. दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या पुढारपणात उतरले. अंगावर झगा आणि हातात ध्वनिक्षेपक, असा फादर लोकांनी आधी पाहिला नव्हता. धमक्या बाहेरून आल्या, ते समजण्यासारखे. ‘फादरांनी मिस्सा सांगावी, मोर्चे कशाला काढावेत?’ हे मात्र आतून आले. आणि हे विसरून चालत नाही की वाडी विकून चार पैसे गाठीला बांधण्याचा मोह वसईत ख्रिस्त्यांनाही होताच. म्हणजे वेदीवरून जमिनीबद्दल बोलणे हे समोरच्या बाकावरच्या माणसाच्या खिशाबद्दल बोलणे होते. बाहेरच्या गुंडाला विरोध करण्यापेक्षा हे जास्त जिवावर येते, हे कुठल्याही गावच्या सरपंचाला विचारा.

जानेवारी 2020मध्ये उस्मानाबादच्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरूने त्या खुर्चीवर बसण्याची ती पहिली वेळ. धर्मावरून त्यांच्या निवडीला विरोध झाला, तब्येत बिघडलेली, तरी ते गेले. मराठीत सोपे बायबल आणणाऱ्या या फादरचे 25 जुलै 2024 रोजी निधन झाले, तेव्हा वसईत त्यांना निरोप द्यायला सगळ्या धर्मांची माणसे होती.

आता आजच्या रस्त्यावर येऊ. नाक्यानाक्यांवर ‘आशीर्वाद सभा’, ‘चंगाई महोत्सव’ यांचे फलक लागलेले असतात. या, रोग बरे होतील, कर्ज फिटेल, व्हिसा मिळेल. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मिशनऱ्यांनी मिरजेला दवाखाना काढला होता. कॅनडातून आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894मध्ये तिथे रुग्णालय सुरू केले, मग कुष्ठरोग्यांसाठी आश्रम, डॉक्टर घडवणारी शाळा. तेही रोज प्रार्थना करत. पण शस्त्रक्रिया प्रार्थनेवर सोपवून बसत नसत. मंचावरून कुबड्या फेकायला लावणाऱ्या उपदेशकाला आजारी माणसाशी काही देणेघेणे असते का, हे दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या घरी कोण जाते यावरून कळते. महाराष्ट्राचा 2013चा जादूटोणाविरोधी कायदा तथाकथित चमत्काराच्या नावावर फसवून पैसे उकळण्याला गुन्हा ठरवतो. आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला तो मनाई करत नाही. तरी हिंदू बाबांवर कारवाई झाली की टाळ्या वाजवणारी ख्रिस्ती मंडळी आपल्या उपदेशकाचे नाव निघताच ‘छळ’ म्हणू लागते. या बाबतीत सगळ्या धर्मांचे भाविक सारखेच.

दुसरे दुखणे मालमत्तेचे. मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या शाळा, बंगले, दवाखाने आणि मोक्याच्या जमिनी यांवरून महाराष्ट्रातल्या कित्येक ख्रिस्ती विश्वस्त संस्थांत वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालू आहेत. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जाऊन पाहिले तर वादी ख्रिस्ती, प्रतिवादी ख्रिस्ती, आणि दोघांच्याही प्रतिज्ञापत्रात देवाची साक्ष. जमीन कुणी, कितीला, कुणाला दिली हे ज्या मंडळीच्या नावावर ती आहे तिलाच ठाऊक नसते. रमाबाई मुक्ती सदनाच्या कामाची माहिती देणारे पत्रक छापून देणगीदारांपर्यंत पोचवत, अमेरिकेतल्या त्यांच्या मदत मंडळाचे वार्षिक अहवाल निघत. हे पारदर्शकतेचे खूळ एकविसाव्या शतकाने आणलेले नाही.

यावर विचारवंतांच्या परिषदेची गरज नाही. प्रत्येक मंडळीची वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते. त्या सभेत विश्वस्तांनी हिशेब मराठीत, मोठ्याने, आकड्यांसकट वाचून दाखवावेत. जमीन विकली असेल तर खरेदीदाराचे नाव सांगावे. कार्यकारिणीत बायका किती आणि कुठल्या घरांतल्या, हेही सांगावे. आणि नुसतेच मान डोलावणाऱ्या सभासदांपैकी एकाने तरी, न्यायमूर्ती रानड्यांसारखा राजीनामा न देता, सिस्टर जेराल्डिनना लिहिणाऱ्या रमाबाईंसारखा, उठून प्रश्न विचारावा.